वाचकांचे प्रश्न : खड्ड्यात मोठा दगड लागला, आता पुढे?

दिवाळी झाली की ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात घरगुती खोदकामांना जोर येतो. कुणाची जमिनीखालची पाण्याची टाकी, कुणाचा शोषखड्डा, कुणाची ड्रेनेजची लाइन. पारसिकच्या डोंगराच्या दोन्ही अंगांना, येऊरच्या पायथ्याला आणि बेलापूर-खारघरच्या टेकड्यांखाली तर हात-दोन हात माती गेली की काळा दगड लागतोच. या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे त्याचीच आहेत, म्हणून सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे.

प्रश्न (घणसोली गावठाण) : घरामागे ८ फूट लांब, ६ फूट रुंद, ६ फूट खोल टाकीसाठी खड्डा चालू आहे. साडेतीन फुटांवर मोठा धोंडा लागला. उघडा पडलेला भाग ४ फूट लांब, ३ फूट रुंद. जाडी सव्वादोन फुटांच्या आसपास. त्याचे एक टोक शेजाऱ्यांच्या कंपाउंडकडच्या बाजूत शिरले आहे. ती भिंत खड्ड्यापासून ४ फुटांवर आहे. मजूर दोन दिवस घण मारताहेत. टवके उडतात, दगड जागचा हलत नाही. गल्लीत जेसीबी शिरत नाही. काय करावे?

उत्तर : आधी घण थांबवा. आपल्याकडचा हा दगड म्हणजे बसाल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. दाबाला तो फार चिवट असतो, पण ताणाला कच्चा. जितक्या दाबाने तो चिरडेल त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतक्या ताणाने तो फाटतो. वरून मारलेला घण दगडावर दाब टाकतो, म्हणजे नेमकी त्याच्या ताकदीचीच बाजू धरतो. शिवाय धोंडा मुरमात बसलेला आहे. खालचा मऊ मुरूम गादीचे काम करतो आणि घावाचा जोर पिऊन टाकतो. म्हणून दोन दिवसांत फक्त कपच्या निघाल्या. दगड आतून फाकवायला हवा, आणि फाकायला त्याला मोकळी बाजू हवी. हे दोन्ही झाले की बाकी काम हातोडीचे आहे.

पहिल्यांदा वजनाचा अंदाज घ्या. लांबी, रुंदी, जाडी यांचा गुणाकार २७ घनफूट. गोटा चौकोनी नसतो, म्हणून त्याच्या ६० टक्के धरा : १६ घनफूट, म्हणजे ०.४५ घनमीटर. घट्ट बसाल्ट घनमीटरला २.९ टनांच्या आसपास भरतो. तुमचा धोंडा सव्वा टनाच्या पुढे आहे. हे कळले की तो पहारीने उपटून काढायचा विचार आपोआप बाजूला पडतो आणि त्याच्या उताराच्या बाजूला कुणाला उभे करायचे नाही, हेही ठरते.

मग भोवतीचा मुरूम काढा. खड्ड्याच्या आतल्या तीन बाजूंनी किमान एक फूट मोकळी जागा करा, दगडाच्या बुडापर्यंत. चौथी बाजू, शेजाऱ्यांच्या भिंतीकडची, जशी आहे तशी राहू द्या. दगडाखालून मात्र माती उकरू नका. बुडाला आधार राहिला पाहिजे, नाहीतर फुटायच्या आधी तो कलंडतो.

आता हत्यारे. एसडीएस-प्लस बिटाचे रोटरी हॅमर ड्रिल (भाड्याने मिळते), १८ मिमीचे २६ सेंमी लांबीचे दोन बिट आणि पाचरींचे दहा-बारा संच. एका संचात वर रुंद, खाली निमुळती अशी पोलादी पाचर आणि तिच्या दोन अंगांना बसणाऱ्या दोन पट्ट्या असतात. दुकानात ‘प्लग-फेदर’ म्हणून मागा आणि बिटाच्या मापाचेच घ्या. १८ च्या भोकात १६ चा संच खुळखुळतो आणि पाचर फुकट खाली जाते. याखेरीज दीड-दोन किलोची सुतकी, गॉगल, एन-९५ मास्क, हातमोजे.

दगड धुऊन पुसा आणि ओलसर असतानाच नीट पाहा. पाणी वाळताना बारीक भेगा उशिरा वाळतात आणि काळ्या रेघांसारख्या दिसतात. अशी भेग सापडली तर तीच तुमची फाडायची रेघ. बसाल्टला ग्रॅनाइटसारखी ठरावीक नस नसते, त्यामुळे या भेगांवरच भिस्त ठेवायची. भेग नसेल तर लांबीच्या मध्यावर रुंदीला समांतर रेघ खडूने आखा. दगड कमीत कमी जागेत फाडायचा असतो, म्हणून आडवा.

रेघेवर दर १२ सेंमीला एक भोक. तीन फुटांत सात भोके बसतात. तीच रेघ उघड्या बाजूवरून खाली आणा आणि तिथे आणखी दोन-तीन भोके घ्या. खोली १५ ते १८ सेंमी. पाचर भोकाच्या तळाला टेकता कामा नये. टेकली की फाकवण्याऐवजी ती नुसती ठोकली जाते. भोके पृष्ठभागाला काटकोनात आणि एकमेकांना समांतर हवीत. घट्ट दगडात एका भोकाला दोन ते चार मिनिटे लागतात. मशीनवर अंग टाकून रेटू नका, बिटाचे टोक जळते. दर दोन-तीन सेंमीला बिट वर काढून भुगा बाहेर येऊ द्या आणि शेवटी बारीक नळीने भोक फुंकून साफ करा. फुंकताना गॉगल हवाच.

संच बसवतानाची एक गोष्ट सर्वात जास्त चुकते. दोन पट्ट्या रेघेच्या दोन अंगांना आल्या पाहिजेत : एक डावीकडे, एक उजवीकडे. पट्ट्या रेघेवरच पुढे-मागे बसल्या तर ताण आडवा जातो आणि तडा भलतीकडे पळतो. ओळीतल्या सगळ्या पाचरी बसवल्यावर एकदा वरून नजर टाका. सगळ्या पट्ट्यांची तोंडे एकसारखी दिसली पाहिजेत.

मग सुतकीने ओळीतल्या प्रत्येक पाचरीला दोन हलके घाव. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पुन्हा पहिल्यापासून. पाचरी घट्ट होतात तसा आवाज चढत जातो. सगळ्यांचा आवाज सारखा वाजायला लागला की पाच-दहा मिनिटे थांबा. या थांबण्यात दगडाचे काम चालू असते. आत सुरू झालेला तडा हळूहळू पसरतो. मग पुढचा फेरा. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्यात केसाएवढी रेघ भोकाभोकांतून जाताना दिसते आणि पाचरींचा आवाज एकदम बोदा होतो. याच क्षणी घाई केली, एकच पाचर जोरात हाणली, तर तडा त्या भोकापासून वाकडा निघतो. पाचर भोकात अडकली तर बाजूने तिरपे हाणून काढू नका. शेजारची पाचर आणखी एक-दोन घाव आत घ्या, ती मोकळी होते.

दोन अर्धे झाले की प्रत्येकाचे पुन्हा दोन. तुकडा दीडशे किलोच्या खाली आला की मात्र घणाचे दिवस परत येतात : तुकडा पहारीने उलटवून त्याची दोन टोके दोन दगडांवर टेकवा, मधली जागा पोकळ ठेवा आणि मध्यावर घाव घाला. आता खालच्या अंगाला ताण पडतो आणि तुकडा दुभंगतो. चाळीस किलोपर्यंतचे तुकडे दोघांना उचलता येतात. तुमच्या धोंड्याचे असे तीस-पस्तीस होतील.

भिंतीकडचा भाग काढूच नका. फाडायची शेवटची रेघ टाकीच्या भिंतीच्या बाहेरच्या रेषेवर घ्या आणि पलीकडचा तुकडा जमिनीत राहू द्या. तो शेजाऱ्यांच्या कंपाउंडला आधारच आहे. त्या बाजूचा खड्डा सहा फुटांपर्यंत जाणार आणि भिंत चारच फुटांवर, म्हणजे माती ढासळली तर भिंतही धोक्यात येईल इतकी ती जवळ आहे. तिथे एकदम पूर्ण लांबी न खोदता तीन-तीन फुटांचे टप्पे करा. फळ्या लावून समोरच्या बाजूशी बल्ल्यांनी ताणून धरा. दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्यात आधाराशिवाय माणूस उतरवायचा नाही, मग मुरूम कितीही पक्का दिसो. काढलेला माल काठापासून किमान दीड मीटर लांब टाका.

आणखी एक, कारण टाक्या नंतर गळतात त्या यामुळेही. टाकीचा तळ अर्धा दगडावर आणि अर्धा मुरमावर आला तर मुरमाकडचा भाग थोडा बसतो, दगडाकडचा बसत नाही, आणि स्लॅब नेमकी त्या सांध्यावर तडकते. तळाच्या पातळीत दगडाचे टोक उरले तर ते १५ ते २० सेंमी खाली तासा, तिथे मुरूम भरून पाणी मारून धुम्मसाने ठोका आणि मगच पीसीसी (तळाचे साधे, सळया नसलेले काँक्रीट) घाला.

प्रश्न (कळवा, पारसिकच्या बाजूला) : सुटा दगड आहे की खाली सगळा कातळच आहे, हे पूर्ण खोदल्याशिवाय कसे ओळखावे? कंत्राटदार ‘कातळ लागला’ म्हणून दर वाढवून मागतोय.

उत्तर : पहारीने. दगड दिसला त्या जागेपासून चहूबाजूंनी फूट-फूट अंतरावर पहार मारत जा आणि कुठे किती खोलीवर ठण् होते ते कागदावर लिहा. सगळीकडे जवळपास एकाच पातळीवर किंवा एका उतारात लागत असेल तर कातळ. एखाद्या ठिकाणी पहार एकदम दोन फूट आत गेली तर तिथे दगडाची कड संपली. मग तीच कड धरून छोटी चर घ्या. सुट्या गोट्याचे पोट आत वळलेले असते. कातळ खाली-खाली रुंदावत जातो.

आपल्या मुरमात सापडणारे मोठे गोटे बहुधा एकाच प्रकारे तयार होतात. लाव्हा थंड होताना त्याला आडव्या-उभ्या भेगा पडतात, त्या भेगांतून पाणी मुरते आणि ठोकळ्याचे कोपरे आधी कुजतात. वर्षानुवर्षे कुजत-कुजत मध्ये गोल, ताजा, काळा गाभा उरतो आणि भोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखे पिवळट-तपकिरी थर. तुमच्या खड्ड्याच्या भिंतीत असे गोल पापुद्रे दिसत असतील तर जवळपास खात्रीने सुटे गोटे आहेत. पापुद्रे टिकावाने निघतात. त्यांच्यावर ब्रेकरचे भाडे घालवू नका.

दगडात पांढऱ्या-हिरवट खड्यांनी भरलेली बारीक छिद्रे दिसली तर काम सोपे. तो सच्छिद्र बसाल्ट घट्ट काळ्या दगडापेक्षा बराच लवकर फुटतो. दराचे बोलणे याच्यावर करा : किती घनफूट, घट्ट की छिद्राचा, सुटा की सलग. ‘कातळ’ एवढ्या एका शब्दावर दर मान्य करू नका. मोजमाप खड्ड्याचे ठरवा, फुटलेल्या ढिगाचे नको. फुटलेला दगड मूळच्या दीडपट जागा व्यापतो.

प्रश्न (सीबीडी बेलापूर) : दगड ५ फूट × साडेतीन फूट, जाडी अडीच फुटांच्या पुढे. आवाज नको म्हणून दगड फोडायची पावडर आणली. २० मिमीची, २० सेंमी खोल चार भोके साधारण दोन-दोन फुटांवर मारून भरली. दोन दिवस झाले, दगडाला चरासुद्धा गेला नाही. पावडर नकली असेल का? आणि याच पावडरचा मारा डोळ्यात उडतो असे ऐकले, ते खरे का?

उत्तर : पावडर बहुधा ठीक आहे; भोकांनी घात केला. ही पावडर मुख्यतः कळीच्या चुन्याची असते. पाण्याशी संयोग होताना ती फुगते आणि बंद भोकात हळूहळू प्रचंड दाब तयार करते, दगडाच्या ताणशक्तीच्या कितीतरी पट. पण भोक बारीक असेल तर फुगणारा माल थोडा, उथळ असेल तर दगडाच्या पोटापर्यंत ताण पोचत नाही, आणि दोन फूट अंतरावरची भोके एकमेकांना मदत करत नाहीत. तुमच्याकडे तिन्ही झाले.

नव्याने असे करा. भोक ३८ मिमीचे. त्याला एसडीएस-मॅक्सचे मोठे मशीन किंवा कॉम्प्रेसरवरचे ड्रिल लागते. दोन भोकांत ३० सेंमी अंतर, काठापासून पहिले भोक १५-२० सेंमी आत. खोली जाडीच्या ८० ते ९० टक्के. तुमच्या दगडात ६५ सेंमी. लांबीच्या दिशेने पाच-पाच भोकांच्या दोन रांगा बसतील. दहा भोके गुणिले ६५ सेंमी म्हणजे साडेसहा मीटर. ३८ मिमीच्या भोकाला मीटरमागे पावणेदोन ते दोन किलो पावडर लागते, तेव्हा साडेअकरा ते तेरा किलो. पाच किलोच्या तीन पिशव्या आणा. जुनी चार भोके नव्या भोकांच्या जवळ येत असतील तर ती सिमेंटने बुजवा, नाहीतर जोर तिकडे निसटतो.

पाणी वजनाच्या ३० टक्के : पाच किलोला दीड लिटर. मापून घ्या, अंदाजे ओतू नका. जास्त पाण्याने पावडरचा जोर मरतो आणि कमी पाण्याने ती भोकात उतरत नाही. पाण्यात पावडर घालत बादलीत ढवळा, गाठी राहू देऊ नका आणि पाच ते दहा मिनिटांत भरून मोकळे व्हा. एका वेळी एकच पिशवी कालवा. भोक काठोकाठ भरून वर काहीही ठासू नका. भोकात पाणी झिरपत असेल तर आधी पातळ प्लास्टिकची नळी-पिशवी सोडा आणि तिच्यात ओता.

डोळ्यांबद्दल ऐकले ते अगदी खरे आहे आणि ते गंभीरपणे घ्या. दगड किंवा पाणी तापलेले असेल, भोक चाळीस मिमीपेक्षा मोठे असेल किंवा उन्हाळ्यात थंडीच्या प्रकारची पावडर वापरली असेल तर क्रिया फार वेगाने होते. आत वाफ कोंडते आणि भोकातून मालाची पिचकारी बंदुकीसारखी उडते. तो माल तीव्र अल्कली असतो. डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. पिशवीवर तापमानाचा पल्ला छापलेला असतो. आपल्याकडे मार्च ते मे त्यातला सर्वांत गरम पल्ला निवडा. दगडावर दिवसभर ऊन असेल तर दुपारी त्यावर ओले गोणपाट टाका, थंड पाणी वापरा आणि सूर्य मावळल्यावर भरा. भरल्यापासून तडे जाईपर्यंत भोकात वाकून बघायचे नाही, कुणालाच बघू द्यायचे नाही. वर ताडपत्री अंथरून कडांना वजन ठेवा आणि मुले, कुत्री-मांजरी तिकडे फिरकणार नाहीत असा अडसर लावा. माल डोळ्यात गेलाच तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटे धुवा आणि तडक डॉक्टरांकडे.

तडे साधारण दहा ते चोवीस तासांत दिसतात आणि त्यानंतरही रुंदावत राहतात. आणि मोकळी बाजू इथेही हवीच : दगड चारी बाजूंनी मातीत जखडलेला असेल तर फाकायला जागा नाही. निदान एका अंगाचा मुरूम पूर्ण काढा, मग भरा.

प्रश्न (ठाणे, मानपाडा) : भाड्याने ब्रेकर घ्यायचा तर कोणता? मागच्या वेळी दहा किलोचा आणला, छिन्नी दगडात रुतून बसली आणि शेवटी दिवस वाया गेला.

उत्तर : दहा किलोचा ब्रेकर प्लॅस्टर, विटा, कोबा आणि कुजक्या मुरमासाठी. घट्ट काळ्या दगडाला किमान सोळा-सतरा किलोचा, टोकदार छिन्नीसह. चपटी छिन्नी दगडावर नाचते. तीस किलोचा जड ब्रेकर खाली मारायला उत्तम, पण खड्ड्याच्या भिंतीत आडवा धरता येत नाही.

रुतण्याचे कारण एकच : दगडाच्या मध्यावर सरळ उभी छिन्नी धरून दाबत राहणे. तिथे तुकड्याला सुटायला वाट नसते, छिन्नी स्वतःचे भोक पाडत खाली जाते. काठापासून सात-आठ सेंमी आत धरा, टोक किंचित काठाच्या दिशेला झुकलेले. दहा-पंधरा सेकंदांत तुकडा सुटला नाही तर जागा बदला. काठ सोलत-सोलत मध्याकडे या. रुतलीच तर मशीन पिळून काढू नका, शँक (छिन्नीचे मशीनमध्ये बसणारे टोक) तुटते. मशीन काढून घ्या, दुसरी छिन्नी लावून शेजारी दहा सेंमीवर मारा. म्हणून भाड्याने घेताना छिन्न्या दोन मागायच्याच.

दोन फुटांपेक्षा जाड दगडाला नुसता ब्रेकर लावणे आमच्या मते पैशाचा आणि कानांचा नाश. आधी पाचरींनी दुभागा, मग ब्रेकर लावा.

विजेचे : १६ अँपिअरचा सॉकेट, अडीच चौरस मिमीची सलग वायर, सांधे जमिनीवर नकोत आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच). ओल्या खड्ड्यात हा शेवटचा मुद्दा जिवाचा आहे. पेट्रोल-डिझेलचे इंजिन खड्ड्यात उतरवू नका. धूर खाली साचतो आणि आतला माणूस न कळत बेशुद्ध पडतो. रात्री १० ते सकाळी ६ ब्रेकर बंद. निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषण नियमांत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि ब्रेकर त्याच्या कितीतरी वर जातो.

खोदण्याआधी जमिनीखालून काय गेले आहे तेही विचारा. ठाणे आणि नवी मुंबईत बऱ्याच सोसायट्यांतून, रो-हाउसेसच्या पुढून महानगर गॅसचे पिवळे पाइप आणि महावितरणच्या केबल गेलेल्या आहेत. शंका असेल तिथे पहिला मीटरभर टिकाव-फावड्यानेच, हळू.

प्रश्न (दिघा) : दगडावर लाकडे पेटवून तो तापवावा आणि वर थंड पाणी ओतावे, असे जुनी माणसे सांगतात. हे करावे का?

उत्तर : नको. पूर्वी याने खाणी खोदल्या गेल्या, पण ते घरामागच्या जागेचे काम नाही. बसाल्टच्या छिद्रांत आणि भेगांत पाणी असते. तापल्यावर त्याची वाफ होते आणि कपच्या गोळीसारख्या उडतात. त्यात दगड फक्त वरचे काही सेंटिमीटर सोलतो. आणि वस्तीत धूर.

प्रश्न (तळोजा) : ओळखीचा एक माणूस छोटा सुरुंग लावून देतो म्हणतो. जागा मोकळी आहे. चालेल का?

उत्तर : अजिबात नाही. स्फोटके बाळगणे, वाहणे, वापरणे हे सगळे १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ च्या नियमांखाली येते. परवाना लागतो आणि सुरुंग लावणाराही अधिकृत प्रमाणपत्रधारक लागतो. ओळखीने मिळालेला सुरुंग म्हणजे बेकायदा स्फोटके, आणि सापडल्यास गुन्हा जागामालकावरही येऊ शकतो. मोठ्या प्रकल्पांवर सुरुंग लागतात तेव्हा मोजलेली भोके, मोजलेला माल, रबरी मॅट आणि रिकामा केलेला परिसर असतो. घरामागच्या जागेत यातले काहीच होत नाही.

प्रश्न (कासारवडवली) : आंब्याच्या कलमासाठी मीटरभर खड्डा घ्यायचा होता. दीड फुटावर कातळ. फोडून पुढे जावे का?

उत्तर : आधी पाणी भरून पाहा. दीड फुटाच्या खड्ड्यात फूटभर पाणी ओता. चोवीस तासांनी पाणी उतरले असेल तर कातळाला भेगा आहेत. त्या भेगेवरच पाचरी लावून आणखी दोन फूट खाली जा, मुळे पुढची वाट शोधतील. पाणी तसेच असेल तर फोडू नका. सलग कातळात कोरलेला खड्डा म्हणजे हौद. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो सगळा त्यात साचणार आणि कलमाची मुळे पहिल्याच श्रावणात कुजणार. त्याऐवजी फुटलेल्या दगडांचा दोन मीटर व्यासाचा गोल बांध रचा आणि आत दोन-अडीच फूट उंच माती-शेणखताचा भर करून कलम वर लावा. खड्ड्यातून उताराकडे एक चर मात्र काढून ठेवा.

प्रश्न (ऐरोली) : रो-हाउसच्या प्लिंथला लागून ११० मिमीच्या ड्रेनेज पाइपसाठी चर खणली. मोठा दगड आडवा आला, तो प्लिंथच्या खाली गेला आहे. पाइपच्या उतारासाठी वरून दहा सेंमी तरी जायला हवे. उपटून काढला तर?

उत्तर : उपटू नका. तुमच्या घराचे वजन त्या दगडावर असण्याची दाट शक्यता आहे. तो हलला की वरची भिंत तडकेल, आणि त्याच्या जागी भरलेला मुरूम तसा आधार कधीच देणार नाही. मोठा ब्रेकरही नको, हादरे थेट पायाला जातात. पाचरीसुद्धा नकोत, कारण तडा प्लिंथखाली कुठवर जाईल यावर आपला ताबा नाही.

इथे फक्त खाच कोरायची. पाइपखाली दहा सेंमी वाळूची गादी हवी, म्हणजे खाच एकूण वीस सेंमी खोल आणि तीस सेंमी रुंद. दोन्ही कडांच्या रेघांवर १२ मिमीची भोके दर चार सेंमीला, वीस सेंमी खोल. मधल्या भागात दर सात-आठ सेंमीला. मग छिन्नी आणि सुतकीने भोकांमधल्या भिंती तोडत जा. कडेच्या भोकांची रांग तड्याला तिथेच अडवते. हे चिकट काम आहे, एका माणसाचा सबंध दिवस जाईल. ग्राइंडरची नऊ इंची डायमंड चकती सहा सेंमीच्या आसपासच उतरते, म्हणून वरच्या कडा साफ कापण्यापुरतीच ती वापरा. धूळ फार उडते, मास्क विसरू नका. छिन्नीच्या डोक्याला ठोकून-ठोकून फुलासारखी कड आली असेल तर ती आधी घासून काढा. तिचा तुकडा उडाला तर मांसात घुसतो.

उताराला जागा असेल तर आणखी सोपा मार्ग आहे. चेंबर दगडाच्या अलीकडे घ्या, पाइप ४५ अंशाच्या दोन बेंडनी दगडाला वळसा घालून न्या आणि पुढचा उतार मीटरला एक ते दीड सेंमी मिळतो का ते लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) मोजा. मिळत असेल तर दगडाला हातही लावू नका.

प्रश्न (नेरुळ) : फुटलेला दगड निघाला आहे, एक-दीड ब्रास असेल. विकला तर चालेल का?

उत्तर : एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. दगड हे गौण खनिज आहे. जागेबाहेर नेऊन विकायचे तर तहसील कार्यालयात आधी विचारा, कारण स्वामित्वधन आणि वाहतूक परवान्याचा प्रश्न येतो आणि विनापरवाना गाडी अडवली तर दंड मोठा असतो. आमचा सल्ला, जागेतच वापरा. वीस-पंचवीस सेंमीचे तुकडे कंपाउंडच्या पायाला डबर म्हणून, दहा-पंधराचे कोब्याखाली सोलिंगला, त्याहून बारीक कपच्या शोषखड्ड्यात. पावडरने फोडला असेल तर भोकांतला पांढरा चुना झाडून बाजूला काढा, झाडांच्या वाफ्यात टाकू नका.